बेब्रेक भाऊंची बकरी

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना जगात एकाच गोष्टीची लाज वाटत होती, आणि ती गोष्ट त्या सकाळी गाडीच्या स्पीकरमधून मोठमोठ्याने बोलत होती. गाडीत ते एकटेच होते आणि काचा वर होत्या म्हणून बरं. स्पीकरमधला माणूस ओरडत होता, "मित्रांनो, ब्रेक हा गाडीचा भाग नाही, तो मनाचा रोग आहे!"

हा माणूस म्हणजे मास्तर स्वतःच.

रस्त्यावर मास्तरांना ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं नसतं. त्यांच्या गाडीला सायकलवाले मागे टाकून जात. रिकाम्या चौकातसुद्धा ते इशारा देऊन, दोन्ही बाजूंना बघून आणि मगच वळत. पण घरी मागच्या खोलीचं दार लागलं की त्यांचा बेब्रेक भाऊ होई. बेब्रेक भाऊ व्हिडिओ गेम खेळत आणि त्यावर आपली मतं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकत. नुकताच कोणता खेळला, कोणता जिवापाड आवडला, कोणता कचऱ्यात टाकायच्या लायकीचा आहे, सगळं काही. ऐकणारे मूठभर होते, पण हट्टाने ऐकणारे होते.

आता यात लाजण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, टक्कल पडलेल्या आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या माणसाने हे घरी सांगायचं कसं? मास्तरांनी सांगितलं नाही. त्यांनी घरी असं सांगितलं होतं की ते रस्ता सुरक्षेवर व्याख्यानं रेकॉर्ड करतात.

बायकोने फारशी चौकशी केली नाही. पण खालच्या मजल्यावर सासू-सासरे राहत, आणि सासूबाईंनी ती थाप नुसती मानली नाही, डोक्यावर घेतली. जिन्यात कुणी जोरात बोललं तरी त्या दार उघडून दटावत, "हळू! वर जावईबापूंचं व्याख्यान चाललंय." तेवढ्यात वरून मास्तरांचा आवाज येई, "मार, मार, टायर फोड त्याचे!" आणि जिन्यातला माणूस वर बघू लागला की सासूबाई अभिमानाने समजावत, "अपघात कसे होतात ते सांगताहेत."

हे कानावर आलं की मास्तर त्या दिवशी दुप्पट शरमत आणि दुप्पट खेळत.

त्या सकाळी सासूबाईंची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. पहिलीच असती तर गोष्ट वेगळी, पण तीनदा नापास होऊन झालं होतं आणि तिन्ही वेळा गाडी चढावरच घसरली होती. चौथ्यांदा नापास झालं की वर्षभर फॉर्म भरता येत नाही, असा नियम होता. सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांची गाडी अंगणात आच्छादन घालून उभी होती, आणि दर आठवड्याला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला सासूबाईंना कुणाला ना कुणाला विचारावं लागे. "नेऊन सोडता का हो?" हे चार शब्द म्हणताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई. जावयाला तर त्या शेवटी विचारत, त्यांची व्याख्यानं बुडू नयेत म्हणून.

"मला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही," त्या म्हणत. "मी चालवणार. तुम्ही फक्त शिकवा."

आणि मास्तरांनी शिकवलं होतं. त्यांचे काही कडक नियम होते. पहिला नियम, गाडी सुरू केली की जागेवरून हलण्याआधी समोरचं प्रत्येक बटण एकदा पूर्ण फिरवून बघायचं. "जे बटण आपण फिरवून पाहिलं नाही, ते आपलं नाही," असं ते म्हणत. दुसरा नियम, चाक एकदा हललं की हात स्टिअरिंगवरून फक्त गिअर आणि हँडब्रेकसाठी निघेल. फोन वाजो, गाडीचं छप्पर उडो, बाकी कशाला हात लावायचा नाही. इतर विद्यार्थी हे ऐकून विसरत. सासूबाईंनी पाठ केले होते.

मास्तर परीक्षेच्या मैदानाकडे एकटेच निघाले होते, कारण संध्याकाळी टाकायचं रेकॉर्डिंग त्यांना एकदा शांतपणे ऐकायचं होतं. ते फाटकाशी पोचतात तर काय, बायको आणि सासूबाई बसने आधीच येऊन उभ्या! मास्तरांनी घाईघाईने आवाजाचं बटण उलटं फिरवलं, आवाज शून्यावर नेला आणि काच खाली केली.

खरं तर रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह उपटून खिशात टाकायला हवा होता. मास्तरांच्या ते मनातही आलं होतं. पण सासूबाई दाराला हात घालून म्हणाल्या, "उतरा लवकर, माझा नंबर पहिला आहे," आणि मास्तर उतरले.

मैदानाचा एक नियम होता. शिकवणाऱ्याने पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं. त्याने पट्टा ओलांडला की उमेदवार तिथल्या तिथे नापास. गाडीच्या काचा मात्र खाली ठेवायच्या, म्हणजे हाताचे इशारे दिसतात. परीक्षा घेणारे साहेब इस्त्रीच्या घडीसारखे ताठ होते. ते उमेदवाराशेजारी बसले की परीक्षा संपेपर्यंत एक अक्षर बोलत नसत आणि कशाला हातही लावत नसत. उमेदवाराला गाडी सांभाळता येते का तेवढंच ते बघत.

मास्तर पट्ट्याशी उभे राहिले. शेजारी बायको, मागे बाकांवर बाकीचे उमेदवार, त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी.

सासूबाईंनी सीटचा पट्टा लावला, आरसा बघितला, गाडी सुरू केली आणि पहिला नियम पाळला. वायपर हलले. दिवे लागले. हॉर्न वाजला. मग त्यांचा हात आवाजाच्या गोल बटणाकडे गेला. सासूबाईंनी ते शिकवल्याप्रमाणे पूर्ण फिरवलं.

गाडी सुरू होताच रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं, आणि तिथे सुरुवातीला मास्तरांनी नाट्यमयतेसाठी सोडलेली शांत जागा होती. काहीच वाजलं नाही. सासूबाई समाधानाने पुढे बघू लागल्या आणि पहिला गिअर पडला. चाकं हलली.

"नमस्कार मित्रांनो!" गाडी गरजली. "पुन्हा आलाय तुमचा बेब्रेक भाऊ!"

मैदानातले सगळे दचकले. सासूबाईंचे हात तेवढे स्टिअरिंगवरून हलले नाहीत. चाक हललेलं होतं, दुसरा नियम लागू झाला होता.

"मास्तर," मागून एक विद्यार्थी म्हणाला, "हा तुमचा आवाज ना?"

"आवाजासारखे आवाज असतात," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांनी मुद्दाम आवाज बदलला होता.

"या आठवड्यात मी खेळलो 'सुसाट शहर'," स्पीकर सांगत होता. "काय गेम आहे! गल्लीच्या तोंडाशी आलात की डावीकडचा कठडा तोडा. कठडे फुकट असतात!"

सासूबाईंची गाडी लाल प्लॅस्टिकच्या कोनांमधून गोगलगायीच्या गतीने नागमोडी जात होती. एकाही कोनाला धक्का लागला नव्हता. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे तुमचं व्याख्यान?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो, पण धरणी असल्या वेळी कधी कामाला येत नाही. त्यातून मास्तरांना ते रेकॉर्डिंग तोंडपाठ होतं. चार वेळा ऐकून दुरुस्त केलेलं. पुढे काय काय येणार आणि कोणत्या क्रमाने येणार, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि सर्वांत शेवटी बकरी येणार होती.

"आता आपला एक श्रोता आहे," स्पीकर म्हणाला. "स्वतःला 'नियमानुसार' म्हणवतो. हा दर वेळी मला लिहून कळवतो की धरणाच्या वळणावर ब्रेक लावायलाच हवा. मित्रांनो, हा गृहस्थ शर्यतीच्या गेममध्ये लाल दिव्याला थांबतो! दिवा हिरवा होईपर्यंत! हा घरी पाणीसुद्धा बायकोला विचारून पीत असेल!"

बाकांवर हशा पिकला. गाडीत मात्र साहेबांचा पेन थांबला. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. साहेबांना गोंगाट खपत नाही हे मास्तरांना माहीत होतं, आणि आपल्यामुळे सासूबाई चौथ्यांदा नापास होणार या विचाराने ते पुरते खचले. ज्या बाईला कुणाकडे काही मागणं जिवावर येतं, तिला आता आणखी एक वर्ष लोकांच्या दारात उभं राहावं लागणार, आणि ते कशामुळे, तर आपला एक पेन ड्राइव्ह उपटायचा राहून गेला म्हणून. त्यांना स्वतःचा राग आला आणि रागाहून जास्त लाज वाटली.

गाडी आता मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावायची होती. सासूबाई मान वळवून मागे बघत होत्या आणि स्पीकर 'तळघर' नावाच्या भुतांच्या गेमबद्दल सांगत होता.

"खोटं कशाला बोलू? मी घाबरलो. इतका घाबरलो की तहान लागली म्हणून बायकोला हाक मारली. तहान कसली! खोलीत कुणीतरी यावं एवढंच हवं होतं. ती पाणी ठेवून निघाली तर मी म्हटलं, थांब, जरा पंख्याचा आवाज येतोय का बघ."

बायकोने सावकाश मान वळवली.

"म्हणजे पंखा नीट होता?"

"होता," मास्तर म्हणाले.

"मी स्टुलावर चढून बघितला होता."

"हो."

"दोनदा."

मास्तरांनी मान खाली घातली. समोर त्यांच्या बुटांना लागून पिवळा पट्टा होता. गाडी खांबांमध्ये सरळ लागली होती आणि आता फक्त चढ उरला होता. चढाच्या मध्यावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा आणि मग गाडी एक वीतही मागे न घसरू देता वर न्यायची. तीन वेळा जिथे घात झाला तो हा चढ. आणि स्पीकरमधला माणूस घसा साफ करत होता.

"आता मित्रांनो, माझा सर्वांत आवडता गेम. हसू नका. गाड्या नाहीत, मारामारी नाही. 'कोबीचं शेत'."

मास्तरांचा पाय उचलला गेला. धावत गेलं तर खिडकीतून हात घालून ते बटण बंद करता येईल. अजून वेळ होता. पाय पट्ट्यावर हवेत तरंगत राहिला. पलीकडे टेकला की अब्रू वाचेल आणि सासूबाई नापास होतील. मास्तरांनी चढाकडे जाणाऱ्या त्या लहानशा पांढऱ्या डोक्याकडे बघितलं. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात जिथे शिकवले होते तिथेच होते.

मास्तरांनी पाय परत अलीकडे घेतला आणि डोळे मिटले.

"या शेतावर माझी एक बकरी आहे," स्पीकर म्हणाला. "तिचं नाव मी सासूबाई ठेवलंय."

गाडी चढाच्या मध्यावर थांबली. मैदानात कुणी हसलं नाही. हसण्याच्या पलीकडची पाळी आली की लोक आपोआप गप्प होतात.

"कारण सकाळ झाली रे झाली की ती दारावर ढुशा मारते. जिथे आपलं काम नाही तिथे तोंड घालते. कुणाचं ऐकून घेत नाही. आणि रागावली की मान अशी वळवते की..."

आणि सासूबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन असं काही गरजलं की पुढचं सगळं त्यात बुडालं. हँडब्रेक सुटला. गाडी एक वीत काय, एक बोटही मागे आली नाही. गुरगुरत वर गेली, पलीकडे उतरली, वळली आणि पट्ट्याशी येऊन उभी राहिली. सासूबाईंनी किल्ली फिरवली आणि बेब्रेक भाऊ एका वाक्याच्या मधोमध बंद पडले.

बकरीबद्दल पुढे जे चांगलं म्हटलं होतं, ते नेमकं इंजिनाने गिळलं होतं. वाईट तेवढं सगळ्या मैदानाने स्वच्छ ऐकलं होतं.

साहेब उतरले. शर्ट सरळ करून मास्तरांसमोर आले.

"उमेदवार उत्तीर्ण," ते म्हणाले. "इतका व्यत्यय असूनही आरसा बघणे एकदाही चुकले नाही. असा उमेदवार मी पाहिलेला नाही."

"साहेब, मी मनापासून माफी..."

"आणि मी पाणी विचारून पीत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

साहेबांचे कान अजून लालच होते. ते दोन पावलं गेले आणि परत आले.

"धरणाच्या वळणाबाबतही आपले मत चुकीचे आहे. ब्रेक लावायलाच हवा," ते म्हणाले, आणि पुढचा उमेदवार पुकारायला निघून गेले.

घरी परतताना गाडी सासूबाईंनीच चालवली. मास्तर शेजारी, बायको मागे. बसताच मास्तरांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. वाटेत त्यांनी दोनदा "सासूबाई, ते काय झालं..." अशी सुरुवात केली, पण आता तो शब्द तोंडातून निघताच त्यांना बकरीच दिसे आणि वाक्य तिथेच अडे. सासूबाई आरसा, इशारा, गिअर असं सगळं शिस्तीत करत होत्या आणि चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

अंगणात गाडी उभी राहिली. हँडब्रेक लागला. इंजिन बंद झालं. सासूबाईंनी किल्ली मात्र काढली नाही.

"मागे घ्या," त्या म्हणाल्या.

"गाडी?"

"बकरी."

मास्तरांना वाटलं, आपण उतरून पळत सुटावं. पण पळून जाणार कुठे, घर तर हेच. त्यांनी रेकॉर्डिंग बकरीपर्यंत मागे नेलं आणि आवाज वाढवला.

"चढावर पुढचं ऐकू आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "अर्धवट ऐकून माणसाने राग धरू नये. पूर्ण ऐकून धरावा."

स्पीकरमधून आवाज आला, "...मान अशी वळवते की आपणच चुकलो असं वाटायला लागतं. पण एकदा शेतावर लांडगा आला. कुत्रा पळाला. कोंबड्या पळाल्या. मी तर झाडावर चढलो. ती एकटी दारासमोर उभी राहिली, शिंगं रोखून. लांडगा निघून गेला तरी ती तिथेच. मित्रांनो, या बकरीला बाजारात रोज गिऱ्हाईक येतं. मी विकत नाही. ती ढुशी मारते म्हणून तर सकाळ झाल्याचं कळतं. ती नसेल तर त्या शेतात मी एकटा कोबीकडे बघत बसून काय करू?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मतं मांडणं सोपं असतं, पण ज्याच्याबद्दल मांडली त्याच्याशेजारी बसून ती ऐकणं फार अवघड, आणि चांगली मतं असली तर त्याहून अवघड. त्यांचे कान साहेबांच्या कानांइतकेच लाल झाले होते.

सासूबाईंनी बटण बंद केलं.

"कोबी कुणाचा खाते?"

"माझा. शेजाऱ्यांचाही."

"खोटं नाही मग," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. खालच्या खिडकीतून सासरे विचारत होते, काय झालं, काय झालं. "डोळे दाखवायला चला," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "मी नेतेय."

मास्तर वर गेले आणि मागच्या खोलीचं दार लावून बसले. गेम लावला नाही. संध्याकाळी रेकॉर्डिंगही टाकलं नाही. बेब्रेक भाऊ संपले असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. या वयात सगळ्या मैदानासमोर हसं झालं, बायकोला पंख्याचं कळलं, आता कोणत्या तोंडाने मतं मांडायची?

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली रे झाली आणि खोलीच्या दारावर थाप बसली. थाप कसली, ढुशीच. मास्तरांनी दार उघडलं. सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांनी येतानाच खुर्ची आणली होती.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घालूनच गेम लावला. ती मान मग दुपारपर्यंत खालीच होती, पण खोलीतून उठून मात्र कुणी गेलं नाही.

दुपारी शेजारचे गृहस्थ जिना चढता चढता थबकले. वरून आवाज येत होता, आणि या वेळी तो मास्तरांचा नव्हता. "मार! मार! शिंगांनी मार त्याला! आणि जावईबापू, तुम्ही झाडावरून उतरा आधी!"

गृहस्थांनी दारात उभ्या असलेल्या मास्तरांच्या बायकोकडे बघितलं.

"हळू," ती म्हणाली. "व्याख्यान चाललंय. आज दोघांचं आहे."